बर्फ पाहायला कधी यावं?

एप्रिलची सकाळची शाळा सुटायला अर्धा तास उरला होता. राजूरच्या शाळेत नलू चौथीला हिमालय शिकवत होती. फळ्यावर डोंगर काढून झाला, त्याच्या माथ्यावर खडूनं पांढरं फासून झालं, आणि मागून प्रश्न आला, "बाई, बर्फ पडते म्हंजे कसा पडते?"

नलूनं बर्फ पाहिला होता तो वणीच्या बाजारात, भुशात गुंडाळलेल्या लादीचा. पण बाईंनाच माहीत नाही असं म्हणायचं तरी कसं? ती म्हणाली, "गारा पडतात ना आपल्याकडे? तसाच. टणाटण!"

व्हरांड्यात कुणीतरी हसलं.

दाराशी माठाजवळ एक उंच तरुण पाणी पीत उभा होता. खाकी विजार, पायांत लष्करी बूट. "माफ करा बाई," तो म्हणाला, "पन त्याचा आवाज होत नाई. पडून राह्यला हे कळतच नाई. सकाळी दार उघडाले जावं, तं दारच उघडत नाई!"

वर्ग खिदळला. नलूचे कान तापले. "मग या ना आत," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवा."

तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं. तो सरळ आत आला आणि त्यानं खडू घेतला.

तो भीमराज, गावातल्याच तुळसाबाईंचा एकुलता मुलगा. पलटणीतून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. गेले दोन हिवाळे काश्मिरात, गुलमर्गला, पायांना लांब फळ्या बांधून तो बर्फावरून घसरायला शिकत होता. त्यानं त्या खडूनं काढून दाखवल्या. पुढून वाकलेल्या, नावेच्या टोकासारख्या. कोळशाच्या खाणीवरच्या त्या गावात कुणाचाच विश्वास बसेना. नलूचा मात्र बसला... का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माठापाशी. तिसऱ्या दिवशीही.

"घरी पाणी नाही वाटतं?" नलूनं विचारलं.

"हाय ना. पन तिथं हिमालय कोनी शिकवत नाई."

ती हसू दाबून वह्या तपासत राहिली. शाळा सुटली, व्हरांडा मोकळा झाला. मग मान वर न करता तिनं विचारलं, "समजा... कुणाला बर्फ पाहायला यायचं झालं, तर कधी यावं?"

"कोनाले?"

"कुणालाही!"

भीमराज पायरीवर बसला. थट्टा सोडून, नीट विचार करून बोलू लागला. "नोव्हेंबरात येऊ नये. पहिला बर्फ चार बोटं असते, खाली गोटे तसेच. नवे पोरं उतावीळ होतात. मीबी झालतो. गुडघा फुटला. जानेवारी सरतासरता बर्फ चांगला बसते. अन् फेब्रुवारीत तं ज्वारीचं पीठच! कोरडा, हलका, मुठीत धरला तं गोळा होत नाई. मार्चात दुपारी ओला होते, फळ्या फसतात. एप्रिलात खालचा सरते, फुलं येतात."

"म्हणजे मे महिन्यात काहीच नाही?"

"हाय, पन लय वर चढा लागते. काहून?"

"शाळेला सुट्टी मे महिन्यात असते," ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पेला माठावर पालथा घालताना त्याचा हात उगाच रेंगाळला.

आठवड्याभरात तुळसाबाई नलूच्या घरी आल्या. "दीक्षा घेतली तवापासून मुहूर्ताची भानगड राह्यली नाई, डोमाजी. पोराची सुट्टी हाय तवर लगन उरकून टाकू."

नलूचे वडील डोमाजी खाणीतून नुकतेच आले होते. काळ्या चेहऱ्यावर त्यांचं हसू लख्ख दिसलं. दाराआड नलू ऐकत होती. आनंदानं, आणि भीतीनंही. तिच्या पेटीत यवतमाळहून आलेलं पत्र होतं. जूनपासून वर्षभराचं शिक्षिकेचं ट्रेनिंग. ते केलं नाही तर नोकरी जाणार होती. त्यांच्या वस्तीतून फळ्यासमोर उभी राहिलेली ती पहिली मुलगी. आणि तुळसाबाईंचे गुडघे दुखरे, त्यांना घरात सून हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भीमराजला गाठलं. "मला एक वर्ष द्या."

"नाई म्हनून राह्यल्या का?"

"नाही म्हणत नाही... आत्ता नको म्हणते."

त्याचा चेहरा उतरला. "सिपायाच्या पुढच्या वर्साचा भरोसा कोन देते, बाई?"

तो गेला. उरलेल्या सुट्टीत माठाकडे फिरकला नाही, आणि निरोप न घेताच पलटणीत परतला. नलूनं त्या वाक्याला मनात शंभर उत्तरं दिली. एकही त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

दिवाळीनंतर ती यवतमाळहून घरी आली, तर तुळसाबाईंचा सांगावा आला होता. ती भीतभीतच गेली. तुळसाबाईंनी पत्र पुढं केलं. "वाचनारे गुरुजी बदलून गेले. तुले येते न?"

नलू वाचू लागली. "आईस जयभीम. इकडे पहिला बर्फ पडला. चार बोटं आहे. एवढ्यात कोणी येऊ नये."

"मी कायले जातो बाप्पा तिथं?" तुळसाबाई म्हणाल्या.

मग दर महिन्याच्या एका रविवारी नलू एसटीनं येई. तुळसाबाई पत्र न फोडता तिच्यासाठी ठेवत. जानेवारीत बर्फ कमरेएवढा झाला. 'मी घाई केली, चुकलं,' असंही एक वाक्य मध्येच होतं. त्याचा बर्फाशी काही संबंध नव्हता.

फेब्रुवारीचं पत्र वाचताना नलूचा आवाज अडखळला. "आता कोरडा पडतो आहे. पाहणाऱ्यानं हाच महिना पाहावा. ज्याला शाळेमुळे जमत नसेल, त्यानं..."

"थांबली काहून?"

"एवढंच आहे."

"खोटी!" तुळसाबाई हसल्या. "दोन वरीस झाले, त्यानं मले बर्फाचं एक अक्षर सांगतलं नाई. यंदाच कायले सांगून राह्यला? मले लिहता येत नाई पोरी, अक्कल हाय. अन् तुया शाळेच्या आड मी येत नाई. पानी भराले शेजारची गंगी हाय. आता उत्तर लिह. माया नावानं नको. तुया."

पत्रातलं उरलेलं वाक्य होतं, '...त्यानं मे महिन्यात वाट पाहावी, मी सुट्टीवर येतो.' नलूनं तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'सात मेला माझी परीक्षा संपते. आठ तारखेपासून वणीच्या स्टेशनावर तुमची वाट पाहीन. तुम्ही मला आवडता. हे मी गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं.'

"वाच तं," तुळसाबाई म्हणाल्या.

"नाही वाचणार," नलू म्हणाली आणि लाजून पदरात तोंड लपवून बसली.

आठ मेच्या गाडीतून तो उतरला नाही. नऊच्याही नाही. दहा तारखेला, फलाट रिकामा होत आला तेव्हा, टोकाच्या डब्यातून खांद्यावर बिस्तरा घेऊन भीमराज उतरला. उन्हानं लाल झालेली नलू बाकावरून उठली.

"लय वेळ झाला का?" त्यानं कसनुसं विचारलं.

"तिसरा दिवस."

त्यानं बिस्तरा खाली ठेवला. "मले वाटलं, तुमी आता..."

"तुम्ही वर्षभर थांबलात," नलू म्हणाली. "मी तीन दिवस थांबू नको?"

आणि भर फलाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिनंच त्याचा हात धरला.