बुडालेला बर्फ

"माझ्या सासूबाईंना कुणीतरी हळूहळू मारतंय, अक्का. आणि घरात सगळे माझ्याकडेच बघतात."

खुर्चीच्या कडेवर टेकलेली सून एवढं बोलली आणि रडू लागली. अक्का खासगी तपासाची कामं घेत. त्यांच्यासोबत हिंडणारे मास्तर निवृत्त चित्रकलाशिक्षक आणि पक्के भित्रे. दोघे तिच्यासोबत घरी गेले.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. केस गळाले होते, उठून बसलं की डोकं गरगरत होतं. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. उशाजवळच्या खिडकीतला वेल सुकला होता. स्वयंपाकघरातला तसाच वेल मात्र तरारलेला होता.

"स्वयंपाक मी करते, पण खातो सगळेच," सून म्हणाली.

नर्स म्हणाली, "औषधं डॉक्टरांचीच. त्यांच्या कॅनमधलं उरलेलं पाणी मी या वेलाला घालते, बर्फाच्या ट्रेमध्ये भरते. वाया कशाला घालवायचं?"

"पाण्यावर संशय नको," जावई हसून म्हणाले. "त्यांचं पोट नाजूक, म्हणून मीच प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी आणतो. तपासूनही घेतलंय. मी साधा माणूस, दिवसभर अणूंची वजनं करतो."

ते बाहेर जाताच सासूबाई दाराकडे बघत पुटपुटल्या, "तो लेकीला फार मारतो. मी तिला कायमची इथे आणणार होते."

"त्या भेटायला येत नाहीत?" अक्कांनी विचारलं.

"नणंदबाईंनाही बरं नाही," सून म्हणाली. "उठलं की गरगरतं म्हणतात."

मास्तरांच्या घशाला कोरड पडली. सुनेने नळाचं पाणी आणून त्यात बर्फ टाकला. मास्तर अर्धा ग्लास प्यायले आणि थबकले. बर्फाचे खडे तळाशी बसले होते.

"अक्का, बर्फ बुडाला हो!"

अक्कांनी ग्लास उचलून उजेडात धरला. मग बाहेर जाऊन त्यांनी दोन फोन केले, एक डॉक्टरांना आणि एक पोलिसांना. हवालदार दारात आल्यावर त्यांनी जावयांना आत बोलावलं.

"पाण्यात काय सापडलं?" जावयांनी विचारलं.

"पाणीच. तुम्हाला तेच हवं होतं. हायड्रोजनच्या हजारो अणूंत एखादा दुप्पट वजनाचा असतो. वागणं जवळपास सारखंच, म्हणून तपासणी त्यालाही पाणीच म्हणते. पण नुसत्या जड अणूंचं पाणी केलं, तर अठराच्या जागी वीस वजन भरतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. रोज तेच प्यायलं तर शरीर झिजतं, वेल सुकतो. नर्स काटकसरी निघेल, हे तुमच्या हिशेबात नव्हतं."

जावयांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मी अर्धा ग्लास प्यायलोय!" मास्तर किंचाळले.

"एवढ्याने काही होत नाही, मास्तर. साधं पाणी प्यायलं की ते शरीरातून निघून जातं. यांनाही आजपासून नळाचंच द्या."

हवालदाराने जावयांचा दंड धरला. तेवढ्यात सासूबाई कोपरावर उठल्या. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली, कुणास ठाऊक.

"अगं, माझी लेक! तिच्याही घरी तेच कॅन आहेत."

सुनेने नणंदेला फोन लावला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"वहिनी?" खोल गेलेला आवाज आला. "घसा सुकलाय गं. थांब, पाणी पिऊन बोलते."

"नको! ग्लास खाली ठेव, बाई. मी येतेय तुला न्यायला."

पलीकडे काच टेबलावर टेकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मास्तरांनी श्वास सोडला.