नाही म्हणायची मोकळीक

वादळ पहाटे ओसरलं आणि गल्लीतली टेलरबाई बघते तर काय, अंगणातलं झाड दारालाच टेकून आडवं! दार उघडेना. आत आई खोकतेय, छपरातून धार लागलीय, शिलाई मशीन चिंब... तिला रडूच कोसळलं.

"आत कोणी आहे का?" फांद्यांच्या आडून आवाज आला.

"आहोत! बाहेर कोण?"

"मागच्या गल्लीतला सुतार. जरा मागे सरका, करवत चालवतोय."

पानांतून आधी करवत दिसली, मग हात, मग एक ओलाचिंब हसरा चेहरा. केसांत काटक्या अडकलेल्या. तिला रडतारडता हसू फुटलं.

"हसताय? मग आत सगळं ठीक दिसतंय."

ठीक कसलं डोंबल! वीज नाही, नळाला पाणी नाही, रस्ताभर पत्रे न् तारा. पण सुतार येत राहिला. त्यानं पत्रे ठोकले, चौकट बसवली, मशीनचं फुगलेलं फळकूट बदललं. पाण्याच्या बादल्या तर न सांगता दारात आणून ठेवायचा. ती आभार मानायला लागली, की हा विषय बदलायचा.

"चहात साखर कमी आहे."

"वादळाला विचारा. डबा त्यानं नेलाय."

"मग तुम्ही समोर बसा... भागेल माझं."

अगंबाई! ती पटकन चुलीकडे वळली, पण कान लाल झालेच.

आईच्या नजरेतून काय सुटतंय? "दार केव्हाच बसलंय," ती म्हणाली. "हा रोज बिजागऱ्यांना तेल कशाला घालतो गं?"

एका संध्याकाळी दिवे आले. सुतारानं हत्यारं आवरली. ती लगबगीनं पुढे आली.

"जाताय?... म्हणजे, येताय ना उद्या?"

"काम संपलं." तो दारातच घुटमळला. "बोलायचं तर खूप होतं. पण नाही बोलणार."

"का?"

"माझे उपकार झालेत असं तुम्हाला वाटतं. रोज दिसतं तुमच्या डोळ्यांत. मी काही विचारलं, तर तुम्हाला नाही म्हणवणार नाही. तसला होकार मला नको."

तो पायरी उतरला. उपकार वाटत होतेच, खोटं कशाला बोला? छपराकडे बघून ती रोज त्याला दुवा देत होती. पण तो यायच्या आधी तीनतीनदा आरशात बघायला लावतं, ते काही उपकाराचं ओझं नव्हे. हा असाच गेला तर?

"थांबा!" ती अनवाणी धावली. "तुमच्यावर माझे काही उपकार आहेत?"

"नाही..."

"एकही?"

"नाही बुवा."

"म्हणजे तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता. मग मीच विचारते... लग्न कराल माझ्याशी?"

सुतार नुसता बघतोय, बघतोय...

"अरे, बोल की!" आतून आई खेकसली. "तिच्यावर नको, निदान माझ्यावर तरी उपकार कर!"

"हो," तो म्हणाला. "हो... हो!"

आता आभार कोणी कोणाचे मानायचे तेच कळेना, म्हणून दोघं नुसतीच हसत उभी राहिली.