मुतखडा झालेली बाहुली

लढाईचे दिवस होते, औषधांची मारामार होती, आणि सांगलीच्या त्या लहानशा इस्पितळात पोरांना क्लोरोफॉर्म देताना चौघं हातपाय धरायची. नर्स अनसूयाबाईंना हे मुळीच पटत नसे. कोंबडं का आहे ते! म्हणून भूपाल नावाच्या शेतकऱ्याची पाच वर्षांची लेक त्रिशला मुतखड्यासाठी आली, तेव्हा त्यांनी चिंध्यांची बाहुली शिवली. म्हणाल्या, "हिलाही मुतखडा झालाय. आधी तू हिचं ऑपरेशन कर."

पोर खुलली. बाहुलीच्या नाकावर क्लोरोफॉर्मची जाळीची टोपी ठेवायची, पोटाला टाका घालायची, वर लाल शाई लावायची. "उगी, झालं बग," अशी समजूतही काढायची. ऑपरेशनच्या सकाळी ती हसत टेबलावर चढली. बाहुली खाटेवर राहिली.

तिथं ती त्रिशलाच्या आईच्या, गुणमालाच्या नजरेला पडली. पोटाला टाके, लाल डाग.

"माझ्या लेकीवर करणी केली कुणीतरी!" म्हणत तिनं बाहुली पदराखाली घेतली आणि तडक कृष्णेचा घाट गाठला.

आत डॉक्टर चाकू लावणार, तोच त्रिशला घुसमटली. तोंडातून पाणी आलं. पोर रात्रीपासून उपाशी होती, आणि पाण्याला गाळाचा वास होता. उपडी धरली तरी पाणी थांबेना. ओठ निळे पडले.

"पाणी ओढायचा पंप आणा!" डॉक्टर ओरडले. बाई वॉर्डात धावल्या. खाट रिकामी दिसली.

"बाहुली कुठंय?"

"आवं, तिनं नदीत बुडवाय नेली," भूपाल म्हणाला.

"काढा... आधी बाहेर काढा ती!"

असं का म्हटलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भूपाल धोतर खोचून पळाला.

पंप लावूनही काही होईना. मग एकाएकी त्रिशलानं मोठा श्वास घेतला. खडा निघाला, टाके पडले. "जीभ घशात गेली असेल," डॉक्टर म्हणाले. बाईंनी टेबलाखालचं गाळाचं पाणी पुसून काढलं.

दुपारी पोर शुद्धीवर आली. खिडक्या लावलेल्या, वॉर्डात गारवा, तरी ती घामानं निथळत होती.

"बाई... लय ऊन लागतंय. आत घ्या की मला..."

"आतच आहेस, बाळ."

"न्हाई... भिंतीवर हाय मी."

बाईंनी खिडकी उघडली. भूपालनं ओली बाहुली कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातली होती. शेजारी एक कावळा येऊन बसला होता, आणि मान वाकडी करून तिच्या पोटाचे टाके न्याहाळत होता.

मागं त्रिशलानं दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं.

"बाई... हाकला की त्येला..."