विहिरीतला परीक्षक

"यमाची बहीण असलेली नदी कोणती?"

विहिरीच्या तळातून आवाज आला आणि मीनाच्या हातातली कळशी काठावरच राहिली. भर दुपार. केळना नदीचं पात्र कोरडंठाक, आसपास चिटपाखरूही नाही. थोडा वेळ नुसती शांतता. मग तोच खोल, घुमणारा आवाज म्हणाला, "बरोबर. यमुना."

"पण उत्तर दिलं कुणी?" निखिल कुजबुजला. तो आणि त्याची मोठी बहीण चिन्मयी सुट्टीत जालन्याहून मामेबहिणीकडे, मीनाकडे आले होते.

"कोनीच न्हाई दिलं," मीना म्हणाली. "आठ दिस झाले, रोज याच टायमाला. बाया पाण्याला येईनात. सरपंच अप्पाराव उद्या जेसीबी लावून विहीर बुजवनार हायेत. शेजारच्या मळ्यातल्या गिरिजाआजीची सगळी वांगी याच पाण्यावर."

"पाताळातल्या नागांची नगरी कोणती?"

पुन्हा ती शांतता. खाली कुणीतरी श्वास रोखून वाट पाहत असावं, असं तिघांनाही वाटलं. "बरोबर. भोगावती."

निखिलचे पाय केव्हाच घराकडे वळले होते. चिन्मयीने त्याची कॉलर धरली. घाबरली तीही होती, पण न कळलेली गोष्ट तशीच टाकून जाणं तिला कधी जमलं नाही. "पुढच्या प्रश्नाला मुद्दाम चुकीचं उत्तर दे."

"मीच का?"

"चुकायची तुला सवय आहे."

"पैठण ही कोणत्या राजांची राजधानी होती?"

निखिल डोळे मिटून ओरडला, "मोगलांची!" विहिरीने तो शब्द तीनदा परत केला. तिघं एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली.

"बरोबर. सातवाहनांची."

"याला कानच नाहीत," चिन्मयी म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. ती काठावर पालथी झाली, दोघांनी तिचे पाय धरले. हातभर खाली दगडी देवळीत एक भोंगा बसवला होता. त्याची वायर वेलांमधून वर बाभळीवरच्या सोलार प्लेटला गेली होती.

"हा तर भारतकाकाचा. रानडुकरं हाकलायला आनल्ता," मीना म्हणाली.

भारतकाका जालन्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि पोलीस भरतीचा अभ्यासही करत होता. फोनवर तो म्हणाला, "चोरीला जाऊ नये म्हून आठ दिसांमागं देवळीत ठेवला. आत कुत्रे भुंकायची चिप घातल्ती की." चिन्मयीने ऐकलेले प्रश्न सांगितले, तसा तो हसला. "तरीच माझ्या प्रश्नोत्तरांच्या, अभ्यासाच्या चिपमधी कुत्रे भुंकून राह्यले. अदलाबदल झाली वाटतं. अन् बॅटरी खराब हाय, कडक उनातच चालतो तो."

दुसऱ्या दिवशी जेसीबी यायला अकरा वाजले. तिघं भोंगा आणि सोलार प्लेट उन्हात धरून काठावरच बसली होती. विहिरीबाहेर तोच आवाज अगदी बारका, चिरका निघाला. अप्पारावांनी मान खाली घातली. "गावात एवढे मोठे मानसं, पन एकानं वाकून बघितलं न्हाई. शाब्बास रे पोरांहो," म्हणत त्यांनी जेसीबी माघारी पाठवला.

गिरिजाआजी पुढे झाली. तिने बादली सोडली, पाणी ओढलं आणि आधी तिघांच्या ओंजळीत ओतलं. मग पदराने डोळे पुसत गावाकडे तोंड करून हाक मारली, "या गं बायांनो, पानी न्यायला या."