कडेची फळी

ती गिटार आधी खाली ठेव बघू. भिंतीला टेकवू नकोस, घसरेल. पलंगावर ठेव, आडवी. हां. आता ऐका. आणि मधेच कुणी मोबाईल चमकवला तर मी सरळ उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तुमच्या आईला विचारा, माझीच बहीण आहे ती. तीस वर्षं मी रेडिओ आणि अँप्लिफायर, म्हणजे आपले अँप, दुरुस्त केले. आवाज कुठून येतो ते शोधायचं, हाच माझा धंदा. घरघर, खरखर, शिट्टी, सगळ्याला कारण असतं. कुठं वायर सुटलेली असते, कुठं सोल्डरचा जोड कच्चा असतो. आता जे सांगतोय त्याचं कारण मला सापडलेलं नाही, म्हणून सांगतोय.

माझा एक मित्र होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, अगदी त्याची बायकोसुद्धा. आधी दारं-खिडक्या करायचा. मग कुणीतरी मोडकी गिटार दुरुस्तीला आणून दिली आणि हे महाशय त्या नादाला लागले ते लागलेच. ऑर्डरप्रमाणे इलेक्ट्रिक गिटारी करायला लागला. लाकूडकाम त्याचं, वायरिंग माझं. तारांखाली चुंबक बसवतात, त्यांना पिकअप म्हणतात. त्यांच्या वायरी मागच्या खोबणीत जोडायच्या आणि वर झाकण लावायचं. झाकण लावायच्या आधी मी खोबणीच्या तळाला पेन्सिलीनं तारीख लिहायचो. कुणाला दिसत नाही ती. पण उद्या कुणी उघडलं तर काम कधीचं ते कळावं.

मिस्त्रीचा हात फार चांगला. खोड एकच. त्याच्या तोंडून 'नाही' म्हणून निघायचं नाही. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "होईल."

एकदा मी दुकानात बसलो असताना एक मुलगी टेंपोतून दोन फळ्या घेऊन आली. असेल विसेक वर्षांची. तिचा बाप नावाडी होता, माणसांना पैलतीरी सोडायचा. ती नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी तो पलीकडून कुणालातरी आणायला गेला, आणि होडी तेवढी परत आली. माणूस सापडलाच नाही. ती होडी अकरा वर्षं काठावर पालथी पडून होती. ऊनपाऊस खाऊन करडी पडलेली, भेगाळलेली. त्याच होडीच्या या दोन फळ्या.

"काका, रंग नको, पॉलिश नको," ती म्हणाली. "आहे तश्शीच दिसू दे. हात लावला की बाबांची होडी लागली पाहिजे."

"होईल," मिस्त्री म्हणाला.

"आणि ही कडेची फळी आहे ना, ती कडेलाच येऊ दे. हिची कड घासू नका हं."

"का गं?"

"सांगत नाही. तुम्ही हसाल." मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्याकडे बाबांचं दुसरं काही नाही, काका. फोटोसुद्धा नाही."

बारा डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, ती पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होती. त्या दिवशी सकाळी आठला गिटार न्यायला येते म्हणाली आणि गेली.

अकरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी सातला मी पिकअप आणि सोल्डरिंगचं सामान पिशवीत टाकून मिस्त्रीकडे निघालो. रस्त्यात चहा प्यायलो. घाई काहीच नव्हती. दुकानात शिरलो तर टेबलावर गिटार तयार. काय देखणी झाली होती! करडं, खडबडीत लाकूड, जुन्या खिळ्यांची काळी भोकं. मी म्हटलं, "मिस्त्री, होडीच झाली की रे!" तो फरशीवरचा भुसा झाडत राहिला.

मी गिटार उलटी केली आणि वायरिंगसाठी खोबणीत बोट घातलं. आतलं लाकूड पांढरं होतं. कोरं. वास येत होता तो नव्या पाईनचा.

"मिस्त्री, हे काय?"

त्यानं दार लोटलं. मग सांगितलं. मंगळवारी त्यानं फळ्या हातात घेतल्या, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो केकमध्ये सुरी जावी तसा आत गेला. आतून सगळं कुजलेलं. वरची साल तेवढी उभी होती. तारांचा ताण त्याला सोसणं शक्य नव्हतं. पोरीला फोन करायला म्हणून त्यानं मोबाईल उचलला, नंबर काढला आणि परत खाली ठेवला.

"मग त्या फळ्या कुठं आहेत?"

त्यानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेगडीकडे पाहिलं.

पुरावा नको म्हणून जाळल्या होत्या पठ्ठ्यानं. दुसऱ्या दिवशी पाईनच्या फळ्या आणून गिटारीचं अंग कापलं. तारेचा ब्रश मारून मऊ लाकूड कोरून काढलं. भांडी घासायचा तारेचा चोथा रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवला होता, ते पाणी फासलं. लाकूड तासाभरात करडं पडतं त्यानं. तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली. लबाडीसुद्धा किती मन लावून केली होती!

"उद्या तिला सांग," मी म्हटलं.

"सांगतो."

"नाही सांगणार तू. ओळखतो मी तुला."

"अरे, तिला आनंद होईल ना? कुणाला कळणार आहे?"

आता माझंही ऐका. मी उठून जायला हवं होतं, पण गेलो नाही. मुकाट्यानं वायरिंग केलं, त्या पांढऱ्या लाकडावर तारीख लिहिली, झाकण लावलं आणि पावणेअकराला घरी आलो. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मिस्त्रीनं सांगितलं तसं सांगतो. तो त्या पोरीशी खोटं वागला, पण माझ्याशी कधी वागला नाही.

मी गेल्यावर त्यानं तारा चढवल्या, सूर लावले, गिटार अँपला जोडून वाजवली. ठणठणीत होती. मग तारा तळव्यानं दाबून धरल्या आणि नुसती शांतता ऐकत बसला. अँपची बारीक घरघर असतेच. त्या घरघरीत त्याला ऐकू आलं... चुळुक. थोड्या वेळानं पुन्हा... चुळुक.

बारा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"तुझ्या वायरिंगमध्ये पाणी शिरलंय का रे?"

"तुझ्या डोक्यात शिरलंय. अर्थिंगची वायर सुटली असेल. झोप आता."

"अर्थिंगची वायर सुटली की असा आवाज येतो? ऐक."

फोनवरून काय ऐकू येणार, असं वाटलं. पण आलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? काठाला बांधलेल्या होडीला पाणी लागतं ना, तसा आवाज.

"अँप बंद कर," मी म्हटलं.

त्यानं केला. आवाज थांबला. दोघंही हसलो आणि फोन ठेवला. तेव्हाच उठून गेलो असतो तर... पण थंडी होती. पांघरूण सोडवेना.

मिस्त्रीनं मग ट्यूबलाईट घालवली. अशा खडबडीत लाकडाची शेवटची तपासणी अंधारातच करतात. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवायची आणि तिरका उजेड टाकायचा. ब्रशचा एखादा ओरखडा चुकला असेल तर लगेच सावली पडते. तो वाकून बघत होता. दांड्याजवळ ठीक. मध्यभागी ठीक. कडेला आला.

मागून आवाज आला. खर्र...

त्याला वाटलं उंदीर.

खर्र... खर्र...

शेगडीकडून येत होता. शेगडी दोन दिवस थंड होती. कुणीतरी राख चाळत होतं. हातानं. सावकाश. मग पत्र्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. टिक. पुन्हा खर्र... खर्र... टिक.

खिळे. जळलेल्या फळ्यांमधले खिळे कुणीतरी वेचत होतं.

मिस्त्रीनं मागं वळून पाहिलं नाही. बॅटरी विझवली. का विझवली, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

खर्र थांबलं.

पावलं वाजली नाहीत. वास आला. नदीतल्या गाळाचा. आधी मागून. मग बाजूनं. मग टेबलाच्या पलीकडून.

गिटारीवर तळवा फिरू लागला. लाकडावर हात फिरल्याचा आवाज मिस्त्रीला ओळखता येणार नाही का? ओला हात होता. दांड्यापासून खाली आला. पाठीवरून गेला. मग कडेनं... थांबला. मागं गेला. पुन्हा कडेनं आला. पुन्हा तिथंच थांबला.

"इथं... होतं..."

तळवा पुन्हा त्याच जागेवरून फिरला.

"इथं होतं... आहे का?"

आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं.

"नाही."

...

तळवा लाकडावरून उचलला गेला.

मग अगदी जवळून, त्याचाच शब्द त्याला परत मिळाला.

"होईल."

आणि लाकडात काहीतरी रुतल्याचा बारीक आवाज. कच्च.

मला झोप लागली नव्हतीच. सकाळी सातला गेलो, तर मिस्त्री दुकानाबाहेर पायरीवर बसलेला. चेहरा उतरलेला. मी आत जाऊन शेगडीत पाहिलं. राख सपाट होती. सगळी उकरली, तिच्यात एकही खिळा नव्हता.

"आज सांगणार मी तिला," तो म्हणाला. "सगळं सांगणार. मग तिनं थोबाडीत मारली तरी चालेल."

आठला ती आली. मिस्त्रीनं गिटार तिच्या हातात दिली नाही, आधी खुर्ची दिली. "बस पोरी. मला एक सांगायचंय. ही गिटार तुझ्या बाबांच्या..."

पण तिनं ती टेबलावरून उचललीसुद्धा होती. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत होती. अंगठा एका जागी थांबला. ती रडायला लागली.

"हे ठेवलंत तुम्ही! मला वाटलं, घासून काढाल."

मी पुढं झालो. कडेवर दातांचे ठसे होते. चार वर, दोन खाली. एवढेसे. दुधाचे दात.

"माझे आहेत," ती हसत-रडत म्हणाली. "मला दात येत होते तेव्हा बाबा मला होडीत कडेला बसवायचे आणि मी कड चावत बसायचे. म्हणून म्हटलं होतं, घासू नका. पण... हे ओलं कसं?" आणि तिनं ती कड बाहीनं पुसली.

व्हिनेगरचा करडेपणा नखाएवढाही आत जात नाही, पोरांनो. जरा टोचलं की खालचं पांढरं दिसतं. त्या ठशांच्या आत पांढरं नव्हतं. तळापर्यंत करडं होतं.

मिस्त्रीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "पोरी, ती फळी मी..."

"माहीत आहे काका. किती जपलीत तुम्ही."

खरं सांगायला बसलेला माणूस, आणि आता खरं सांगितलं असतं तरी ते खोटंच ठरलं असतं. सांगण्याची वेळ कुणीतरी त्याच्याकडून काढून घेतली होती. पोर गिटार घेऊन गेली. मिस्त्रीनं पुन्हा कधी गिटार केली नाही. आपल्या दारं-खिडक्याच बऱ्या, असं म्हणायचा, पण दुकानात एकटा थांबायचा नाही.

एप्रिलमध्ये ती मुलगी माझ्याकडे आली. "काका, हिच्यातून पाण्यासारखा आवाज येतो. मला आवडतो, म्हणून काढू नका. फक्त कुठून येतो ते बघा."

ती बाहेर बाकावर बसली. मी गिटार उलटी केली, चार स्क्रू काढले, झाकण उचललं.

माझं सोल्डर चकचकीत होतं. वायरी माझ्याच. तळाला पेन्सिलीतली तारीख, माझ्याच हातची, अकरा डिसेंबर. फक्त ज्या पांढऱ्या लाकडावर मी ती लिहिली होती, ते करडं होतं. भेगाळलेलं. गाळाचा वास येत होता.

आणि होडीचे खिळे कसे असतात माहीत आहे ना? आरपार ठोकतात आणि पलीकडून टोक वाकवतात, सुटू नये म्हणून. तसा एक गंजलेला खिळा समोरून आत आला होता. त्याचं टोक वाकवलेलं होतं... माझ्या तारखेवरून.