ज्याची फाईल त्याच्याकडे

भर दुपार होती. शेजारच्या खोलीत आईचा डोळा लागला होता आणि धाकटी बाबांच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर त्यांच्या फायली उघडत होती. बाबा पुलांचे नकाशे काढायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळी दादा खोली रिकामी करणार होता, आणि जी फाईल उघडणार नाही ती पुसायची, असं त्याचं फर्मान होतं.

एकेक फाईल उघडत बसायला ती काय खुळी होती? तिने प्रोग्रामच लिहिला. तो प्रत्येक फाईल पुढे करी आणि कॉम्प्युटरला सांगे, ही नेहमी जो उघडतो, त्याच्याकडे दे. फोटो फोटोंच्या खिडकीत, पत्रं पत्रांच्या. भराभर उघडत गेलं सगळं. धाकटी स्वतःवर बेहद्द खूश झाली. उभ्या जन्मात बाबांनी तिच्या कामाला बरं म्हणून म्हटलं नव्हतं. कायम आपली एक चूक काढायची. आज असते तर बघितलं असतं!

शेवटी त्यांचा अर्धवट राहिलेला पुलाचा नकाशा उरला. तो उघडणारा प्रोग्राम बाबांनी स्वतः लिहिलेला, आणि तो जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलेला. या फाईलला आता वाली नव्हता. कोणी वाली नसेल तर थांब, हे सांगायला मात्र धाकटी विसरली होती. प्रोग्राम थांबला नाही. ती फाईल नेहमी जो उघडायचा, त्याला त्याने हाक मारलीच.

पंख्याची घरघर मंदावली. खोलीत बामाचा वास आला... बाबा गुडघ्यांना चोळायचे, तोच. पडद्यावर एक करडी खिडकी उघडली आणि तीत पूल आला. मग कोणी हात न लावता रेघ पुढे सरकू लागली. सावकाश. मध्येच चष्मा पुसायला थांबल्यासारखी. पलीकडचा काठ गाठूनच ती थांबली.

"बाबा...?"

पुलाखाली अक्षरं उमटली. 'कोण येईल ते न बघता हाक मारलीस, ही चूक. बाकी काम चोख. माझी लेक शोभतेस.'

धाकटीचा ऊर भरून आला. भीती कुठल्या कुठे पळाली. दादा आला तेव्हा तिने मान ताठ करून त्याला ते वाचायला लावलं. मग बाकीच्या फायली तपासायला त्याने आईचा एक फोटो उघडून बघितला.

"हा त्या पुलाच्याच करड्या खिडकीत का उघडतोय गं...?"

फोटोत आई एकटी उभी होती. तिच्या पायाशी एक नवी रेघ सुरू झाली होती. बामाचा वास आता या खोलीत नव्हता. तो शेजारी, आई झोपली होती त्या खोलीतून येत होता.