रिकाम्या खुर्चीचे संवाद

गोदामातून चित्रपटाचा डबा आणायला मी गेलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन लख्ख होते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या गोष्टीचा दोष तुम्ही अंधाराला देणार नाही.

आमचा व्यवसाय हसवण्याचा. जुने, फसलेले चित्रपट लावायचे आणि आम्ही दोघा भावांनी त्यांची टर उडवायची. लोक ते चवीने पाहतात. लिहिणे माझे, बोलणे धाकट्याचे. पात्र बोलून थांबले की ती शांतता मी सेकंदांत मोजतो, वहीत टिपतो आणि तिच्यात नेमका मावेल असा टोमणा घडवतो. नियम एकच: पडद्यावरच्या माणसाविषयी बोलावे, त्याच्याशी बोलू नये. हा नियम निव्वळ शैलीचा आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

गोदामवाले काका डब्यावरची धूळ पुसत म्हणाले, "न्या खुशाल. याच्याइतका पडेल माल माझ्याकडे दुसरा नाही. मुलाचं काम करणारा नट चित्रीकरणाला आलाच नाही! मग काय, आई आपली दोन तास रिकाम्या खुर्चीशी बोलतेय."

"गेला कुठे तो?"

"कोण जाणे. ती मात्र रोज वेळेवर यायची म्हणे."

तीन दिवस मी एकट्याने चित्रपट लावून त्यातल्या शांतता मोजल्या. चौथ्या दुपारी ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत आम्ही दोघांनी डबा उघडला, आणि जुन्या फिल्मचा आंबूस वास नाकात चढला. धाकट्याने कानावर पेन्सिल खोचली. प्रोजेक्टर घरघरू लागला. पडद्यावर एका ठेंगण्या बाईने ताट आणून टेबलावर ठेवले.

"जेवून घे, बाळा."

"खुर्ची सध्या वजन कमी करतेय," धाकटा म्हणाला.

"रागावलास का रे?"

"रागावेल नाही तर काय! जन्मभर उभंच ठेवलंय बिचारीला."

माझेच वाक्य, पण तो असे काही बोलायचा की मला हसू आवरेना. तुम्हांला एक सांगायला हवे. धाकट्याच्या जन्माच्या दिवशीच आमची आई गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्याला भरवले, निजवले, वाढवले ते मी. 'आई' अशी हाक त्याने उभ्या आयुष्यात कोणाला मारली नव्हती.

अर्ध्या तासाने ती बाई दारात येऊन उभी राहिली. "बाळा, ये ना रे..."

वहीत इथे नऊ सेकंद होते. माझे वाक्य कागदावर तयार होते. धाकट्याने कागदाकडे पाहिलेच नाही.

"आलो गं, आई..."

गमतीनेच म्हणाला तो. ओठांवर हसू होते. पण आवाज एखाद्या लहान मुलाचा होता.

बाई हसली. गेल्या तीन दिवसांत ती एकदाही हसली नव्हती.

मी प्रोजेक्टर बंद केला. "नियम काय आहे आपला?"

"अरे दादा, गेलं तोंडातून. चालू कर ना."

"आज पुरे."

"दादा... तिनं ताट वाढलंय रे."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या खोलीत गेलो आणि वही घेऊन पहिल्यापासून मोजायला बसलो. मोजायला काही उरले नव्हते. बाई विचारत होती, कोणीतरी पुटपुटत उत्तर देत होते. खुर्चीत माझ्याकडे पाठ करून एक माणूस जेवत होता. त्याच्या कानावर पेन्सिल होती.

धावतच घरी आलो. धाकटा खिडकीशी बसला होता. सकाळी झाकून ठेवलेले जेवण तसेच होते.

"जेवला नाहीस?"

तो जरा थांबला, जणू प्रश्न दुरून आला होता. "पोट भरलंय, दादा."

"कुठे जेवलास?"

काय हा वेड्यासारखा प्रश्न, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

याला आता महिना झाला. घरचा एक घास त्याने खाल्लेला नाही, तरी अंगाने तो भरत चालला आहे. कसल्याच विनोदाला हसत नाही. हाक मारली की उत्तर येते, पण दिवसेंदिवस उशिरा. काल तर मी खांदा धरून हलवला तेव्हा आले. डबा परत नेला, तर काकांनी तो हातातही घेतला नाही. जाळायला काढतो आणि हात आखडतो; खुर्चीत कोण बसले आहे, ते मला ठाऊक आहे.

म्हणून रोज दुपारी तो चित्रपट लावतो आणि येरझारा घालत पाहतो. शेवटच्या प्रसंगात बाई आता टेबलाशी दुसरी खुर्ची ओढते, दुसरे ताट मांडते आणि सरळ माझ्याकडे पाहते.

"थोरल्यालाही बोलाव..."

पाठमोरा माणूस मान वळवत नाही. मग शांतता. पहिल्या दिवशी ती चार सेकंद होती. काल अकरा भरली. तिच्यात मावेल असे वाक्य मला सुचलेले आहे. ते वहीत उतरू नये म्हणून मी लेखणी घरी ठेवून जातो.

आज मोजले नाही. दुसऱ्या ताटातून वाफ निघत होती, आणि खोलीत तो आंबूस वास नव्हता. नुकत्याच चुलीवरून उतरवलेल्या अन्नाचा होता.